पुढच्यास ठेच: मोबाइलवर फुकटात शिकणाऱ्या नवख्यांसाठी

नाशिकच्या पाथर्डी फाट्याजवळच्या एका खोलीत चार पोरं राहतात. एक सुरगाण्याचा, एक पेठचा, दोघं निफाडकडचे. दोघं अंबडला सीएनसीवर, म्हणजे प्रोग्रामवर चालणाऱ्या धातूकामाच्या मशीनवर, ऑपरेटर आहेत, एक टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकतोय, आणि चौथा पोलीस भरती आणि एमपीएससी अशा दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे. रात्री जेवणं झाली की चार मोबाइलमधून चार मास्तर एकदम बोलायला लागतात. फी कोणीच भरलेली नाही. मीही असाच शिकलो, फक्त जिओ यायच्या आधीचे दिवस होते. डेटा जपून वापरायचा म्हणून सायबर कॅफेत व्हिडिओ उतरवून पेनड्राइव्हवर घ्यायचो. त्यामुळे फुकटच्या शिक्षणाला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. माझी भाकरी त्यावरच आहे.

पण ठेचा खाल्ल्या, आणि त्या सगळ्या एकाच जातीच्या निघाल्या. मास्तर फी घेतो ती नुसतं सांगायची नसते. आधी काय आणि नंतर काय हे तो ठरवतो, जुनं झालेलं गाळतो, आणि तुमचं चुकलं की तोंडावर सांगतो. व्हिडिओबरोबर ही तीन कामं येत नाहीत, ती तुमच्या अंगावर पडतात. ती कशी करायची तेवढंच खाली लिहितोय. सीएनसीवर जास्त बोलेन, कारण माझं आयुष्य त्यातच गेलंय.

पायरी १: काय शिकायचंय ते एका ओळीत लिहा

"सीएनसी शिकायचंय" असं लिहून शोधलंत तर जर्मनीतल्या कारखान्यापासून लाकडावर गणपती कोरणाऱ्या राउटरपर्यंत सगळं समोर येईल. "फॅनक कंट्रोलच्या टर्निंग सेंटरवर, ड्रॉइंग बघून, दोन स्टेपच्या शाफ्टचा प्रोग्राम हाताने लिहायचाय" असं लिहा. (टर्निंग सेंटर म्हणजे सीएनसी लेथ, कंट्रोल म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर, आणि फॅनक ही तो बनवणारी कंपनी.) "टॅली शिकायचंय" याऐवजी "छोट्या दुकानाची एक महिन्याची खरेदी-विक्री टाकून जीएसटीचा तक्ता जुळवायचाय" असं लिहा. ओळ भिंतीवर चिकटवा. जो व्हिडिओ त्या ओळीच्या कामाचा नाही तो कितीही छान असला तरी पुढे सरका.

पायरी २: क्रम उसना आणा

एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होतो. तो तुमच्या अभ्यासातला पुढचा धडा असतोच असं नाही. तुम्ही काय बघत बसाल याचा अंदाज बांधून तो पुढे ढकललेला असतो. म्हणून मायक्रोमीटर धड वाचता न येणारा पोरगा फाइव्ह ॲक्सिस मशीनचे व्हिडिओ बघत रात्री जागवतो. मीही जागवल्यात.

क्रम मात्र फुकट मिळतो, आणि सरकारी जागी मिळतो. आयटीआयच्या ट्रेडचे अभ्यासक्रम भारत स्किल्स या पोर्टलवर आहेत, प्रश्नसंचासकट. एनपीटीईएल, म्हणजे आयआयटी आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या प्राध्यापकांचे मोफत ऑनलाइन धडे, २००३ पासून चालू आहेत, आणि तिथले कोर्स आठवड्यावार लावलेले असतात. स्वयम हे केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल, २०१७ चं. शाळेच्या गणिताचा पाया कच्चा असेल, आणि टेपरचा, म्हणजे निमुळत्या भागाचा, कोन काढताना तो कच्चा असल्याचं सगळ्यांनाच कळतं, तर बालभारतीची पुस्तकं तिच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये आहेत. एमपीएससीवाल्यांनी अभ्यासक्रम आयोगाच्या संकेतस्थळावरूनच घ्यावा. कोणाच्या तरी हातातून फिरत आलेला अभ्यासक्रम घेऊ नये.

वहीच्या एका पानावर ही यादी डाव्या बाजूला उतरवा. उजव्या बाजूला प्रत्येक मुद्द्यापुढे एक व्हिडिओ किंवा एक धडा लिहा. एकच. तो कळला नाही तर दुसरा शोधा. तिसऱ्यातही कळलं नाही तर गडबड बहुधा व्हिडिओत नसते, मागचा एखादा मुद्दा सुटलेला असतो. यादीत वर जाऊन तो शोधा.

पायरी ३: तारीख आधी बघा, मग चेहरा

व्हिडिओ शिळा होतो, पण भाजीसारखा वास येत नाही. लाखो लोकांनी बघितलेला म्हणून जो वर दिसतो, तो कधी कधी म्हणूनच जुना असतो.

टॅलीचं घ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याआधीचे वॅटचे सगळे धडे एका रात्रीत बाद झाले. २०२० च्या शेवटी टॅली प्राईम आलं आणि आधीच्या आवृत्तीतली, म्हणजे ईआरपी ९ मधली, मेनूची मांडणी बदलली. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक मालासाठी १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. म्हणजे २०२४ चा, उत्तम आवाजातला, मराठी व्हिडिओ बघून तुम्ही नोंद केलीत तर कृती बरोबर असेल आणि दर चुकेल. मालक कृती बघत नाही.

पोलीस भरतीवाल्याला मी विचारलं, खुनाचं कलम कोणतं? तो म्हणाला ३०२. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, तिच्यात खुनाची शिक्षा कलम १०३ मध्ये आहे. फसवणुकीचं ४२० आता ३१८ झालंय. भाषेतला "चारसोबीस" काही हलणार नाही, पण उत्तरपत्रिकेत तो चालायचा नाही. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झालीय. पर्यायांत गोल रंगवायच्या युक्त्या सांगणारे जुने व्हिडिओ अजून जोरात चालतात, आणि पोरं ते बघून समाधानाने झोपतात.

प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांसाठी एकच ओळ: पायथॉन २ चा आधार १ जानेवारी २०२० ला बंद झाला, तेव्हा ज्या धड्यात प्रिंटपुढे कंस नाही तो धडा बंद करा.

नियम, कर, कायदा, परीक्षा आणि सॉफ्टवेअर या पाच विषयांत तारीख बघायचीच. त्रिकोणमिती किंवा मायक्रोमीटर वाचणं असेल तर वीस वर्षांपूर्वीचा व्हिडिओही चालेल, उलट जुने मास्तर जास्त सावकाश सांगतात.

पायरी ४: हे तुमच्या मशीनचं आहे का, तुमच्या मातीचं आहे का

सगळ्यात मोठी ठेच इथे लागते, कारण सांगणारा चुकीचं सांगत नसतो. तो त्याच्या मशीनबद्दल खरं सांगत असतो.

माझ्या पहिल्या कंपनीतली गोष्ट. टर्निंग सेंटरवर मी प्रोग्राम टाकला आणि वरच्या ओळीत जी-९० हा कोड लिहिला. ज्या परदेशी मास्तरकडून शिकलो होतो तो प्रत्येक प्रोग्रामची सुरुवात तशीच करायचा. आमच्या सेटर काकांनी, म्हणजे मशीन लावून देणाऱ्या काकांनी, स्क्रीन बघितली आणि मशीन सुरू करायच्या बटणावर गेलेला माझा हात मनगटापाशी धरला.

"हे कुठून आणलंस?"

"व्हिडिओत होतं, काका."

"व्हिडिओतलं मशीन उभं होतं का आडवं?"

मला प्रश्नच कळला नाही. तो मास्तर व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या मिलिंग मशीनवर शिकवत होता. तिथे जी-९० म्हणजे मापं मूळ बिंदूपासून मोजा. फॅनकच्या लेथवर, आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या कोडच्या ए पद्धतीत, जी-९० म्हणजे टर्निंगची सायकल, एका ओळीत बांधलेल्या कापायच्या हालचाली. जी-९२ मिलिंगवर मूळ बिंदू बसवतो, लेथवर आटे कापतो. जी-९४ मिलिंगवर फीड, म्हणजे टूल सरकायचा वेग, मिनिटाला मोजायला सांगतो, लेथवर फेसिंगची, म्हणजे टोक सपाट करायची, सायकल चालवतो. अक्षरं तीच, अर्थ तिसराच. सीमेन्सचा कंट्रोल असेल तर सायकली आणखी वेगळ्या.

फीडचंही तसंच. मिलिंगच्या व्हिडिओत एफ २०० म्हणजे मिनिटाला २०० मिलिमीटर. लेथवर फीड बहुधा फेऱ्यामागे मोजतात, तिथे एफ ०.२ लिहायचं असतं. तोच २०० लेथवर टाकलात तर तुम्ही दर फेऱ्याला २०० मिलिमीटर मागितलेत. अमेरिकन व्हिडिओ इंचात बोलतात. त्यांचा "टेन थाउ" म्हणजे ०.२५४ मिलिमीटर. दशांश चिन्ह हा तर वेगळाच छळ आहे: काही मशीनवर एक्स १०० असं टिंबाशिवाय लिहिलं की ते १०० मिलिमीटर धरत नाही, ०.१ धरतं. व्हिडिओतल्या मशीनची सेटिंग वेगळी असते, म्हणून तिथे ते बिनबोभाट चालतं.

आणखी एक, कारण यात माणूस जाऊ शकतो. लेथवर जी-९६ लावलं की व्यास कमी होईल तसा स्पिंडलचा, म्हणजे जॉब फिरवणाऱ्या दांड्याचा, वेग आपोआप वाढतो. फेसिंग करत टूल मध्याकडे गेलं की वेग वाढतच राहतो. म्हणून आधी जी-५० ने कमाल वेग बांधून ठेवायचा. दहा मिनिटांच्या व्हिडिओत ही ओळ कधी कधी गाळलेली असते, कारण सिम्युलेटरवर जॉब त्याला धरणाऱ्या चकमधून सुटत नाही.

म्हणून व्हिडिओ सुरू करताच तीन गोष्टी वहीत लिहा: मशीन कोणतं, कंट्रोल कोणता, माप मिलिमीटरमध्ये की इंचात. तिन्हीपैकी एक जरी कळली नाही तरी तो प्रोग्राम मशीनवर न्यायचा नाही. कळली तरी पहिल्यांदा जॉब न लावता ड्राय रन, म्हणजे कोरडी चाचणी, मग रॅपिड, म्हणजे न कापता धावायचा वेग, पंचवीस टक्क्यांवर आणि सिंगल ब्लॉक, म्हणजे एका वेळी एकच ओळ. सेटरला विचारल्याशिवाय यातलं काहीच करायचं नाही, हे वेगळं सांगायला नको.

मातीचंही ऐका, कारण खोलीतल्या निफाडच्या पोरांपैकी एकाच्या घरी द्राक्षबाग आहे आणि तो सुट्टीला जाऊन वडिलांना व्हिडिओ दाखवतो. थंड देशांत हिवाळ्यात वेल झोपते आणि वर्षातून एकदाच छाटतात. आपल्याकडे ती तशी झोपत नाही, म्हणून एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी अशी दोनदा करावी लागते. इटलीतल्या म्हाताऱ्याची कात्री बघायला फार सुंदर, पण त्याचं वेळापत्रक निफाडला लावलंत तर हंगाम गेला. फवारणीचं तर व्हिडिओवरून ठरवूच नका. २०१० साली क्लोरमेक्वॉट, म्हणजे बागायतदार ज्याला सीसीसी म्हणतात, त्याच्या अंशामुळे भारतीय द्राक्षं युरोपात अडकली होती. निर्यातीच्या बागेत कोणतं औषध चालतं आणि काढणीच्या किती दिवस आधी थांबायचं, याची यादी मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून येते आणि ती बदलत असते. गेल्या हंगामातला व्हिडिओ तिची जागा घेऊ शकत नाही.

हल्ली इंग्रजी व्हिडिओ आपोआप मराठीत किंवा हिंदीत बोलू लागतात. सोय मोठी आहे, पण शब्द जपा. "टॅप" म्हणजे आमच्यासाठी आटे पाडायचं हत्यार, आणि भाषांतर करणाऱ्या यंत्राला तो नळ वाटू शकतो. शंका आली की मूळ आवाज लावा.

एआयला विचारणाऱ्यांनाही हेच. तो न अडखळता बोलतो, म्हणून खरं वाटतं. त्याला "फॅनक, टर्निंग, ए पद्धत, मिलिमीटर" एवढं सांगितलंत तर उत्तर सुधारतं, तरी कोड पडताळायचा तो मशीनच्या मॅन्युअलमध्येच. कलमं आणि कराचे दरही मूळ जागी बघा.

पायरी ५: मोबाइल पालथा घाला

बघताना सगळं कळतं. हीच पंचाईत आहे. मास्तर लिहितो, आपण मान हलवतो, आणि वाटतं की आलं.

२००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांचे दोन गट केले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्याने तो न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. व्हिडिओ दुसऱ्यांदा बघून जो आत्मविश्वास येतो तो पाच मिनिटांचा असतो.

तर पंधरा मिनिटांचा तुकडा बघा, मोबाइल पालथा घाला, आणि कोऱ्या कागदावर तेच करा. जिथे अडलात तिथे खूण करा आणि फक्त तेवढंच पुन्हा बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी, बसची वाट बघताना, कालचा कागद न बघता मनात पुन्हा एकदा. टॅलीवाल्याने कोपऱ्यावरच्या किराणा दुकानदाराकडून जुनी दहा बिलं मागून आणली आणि ती टाकून पाहिली. बारा व्हिडिओ झाले होते त्याचे. पहिल्याच बिलाला अडला, कारण व्हिडिओतल्या बिलांवर कधी सूट दिलेली नसायची.

व्हिडिओचा वेग दीडपट करून "संपवणाऱ्यांबद्दल" मी काही बोलत नाही.

पायरी ६: फुकटचं बिल कुठून येतं

पहिलं बिल सर्टिफिकेटचं. शिकणं मोफत, कागद विकत, हे वाईट नाही, आधी माहीत असलं म्हणजे झालं. एनपीटीईएलला नाव नोंदवून शिकायला पैसे लागत नाहीत. प्रमाणपत्र हवं तर परीक्षेची फी भरून केंद्रावर जाऊन परीक्षा द्यावी लागते, आणि गुण २५ असाइनमेंटचे व ७५ परीक्षेचे असतात. त्या कागदाला वजन आहे, कारण समोर कोणी तरी बसून परीक्षा घेतलीय. नुसता व्हिडिओ शेवटपर्यंत चालला म्हणून आपोआप छापून येणाऱ्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन पोरं मुलाखतीला येतात. मी त्यांच्या हातात मायक्रोमीटर आणि एक पिन देतो. मिनिटभरात दोघांनाही कळतं.

दुसरं बिल "सात दिवस मोफत"चं. एक-दोन रुपये भरताना तुम्ही यूपीआय ऑटोपेला मंजुरी देता आणि आठव्या दिवशी पूर्ण रक्कम जाते. पैसे कापायच्या किमान चोवीस तास आधी सूचना यावी असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, पण ती सूचना जाहिरातींच्या ढिगात हरवते. आत्ताच तुमच्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट असं लिहिलेली जागा उघडून बघा. नको असलेलं तिथूनच बंद होतं. नुसतं ॲप काढून टाकल्याने होत नाही.

तिसरं बिल मोफत वेबिनारचं. दीड तास गोड बोलणं, शेवटी पडद्यावर उलटं धावणारं घड्याळ, आणि "फक्त आजच्यासाठी" अशी फी. मी एकदा त्या घड्याळाला घाबरून पाच हजार भरले. आत जे मिळालं ते बाहेर फुकट पडलेलं होतं, फक्त त्याला क्रम लावलेला होता. तो क्रम पायरी २ मध्ये तुम्हाला सांगितलाय, तेवढे माझे पाच हजार वसूल.

चौथं बिल सगळ्यात वाईट. टेलिग्रामवर कोणी "क्लासचं ॲप" म्हणून फाइल पाठवतं. ती प्ले स्टोअरच्या बाहेरून टाकायची असते आणि टाकताना मेसेज वाचायची परवानगी मागते. मेसेजमध्ये तुमचे ओटीपी असतात. चोरलेल्या पुस्तकांच्या पीडीएफच्या मागेही असंच काही चिकटून येतं. बालभारतीची पुस्तकं अधिकृतपणे मोफत असताना तिकडे जायचंच कशाला? पैसे गेलेच तर रडत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पहिला तास महत्त्वाचा.

पायरी ७: चूक दाखवणारा माणूस शोधा

हे काम मोबाइलला जमत नाही, आणि नाशिकमध्ये ते जमवणं तितकं अवघड नाही. खोलीत चौघांच्या गलक्यात अभ्यास होत नसेल तर टिळकपथावरचं सार्वजनिक वाचनालय आहे, १८४० सालचं. लोक त्याला सावाना म्हणतात. पदवी अर्धवट सुटली असेल आणि नोकरी करत ती पुरी करायची असेल, तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं मुख्य ठिकाण आपल्याच गावात, गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे. १९८९ पासून चाललंय ते, नोकरीवाल्यांसाठीही. पोरं पुण्याला चौकशी करत फिरतात आणि हे राहून जातं. आयटीआयमधून बाहेर पडलेला दोन वर्षं पुढचा मुलगा तुमच्या ओळखीत असेलच, नसेल तर त्याचा मित्र असेल.

आणि कंपनीत तुमचा सेटर. तो शिफ्टमध्ये चिडलेला असतो, तेव्हा विचारू नका. व्हिडिओचा तर उल्लेखच करू नका, निदान पहिल्या वाक्यात. चहाच्या सुट्टीत जा, वही घेऊन जा, आदल्या रात्री जिथे अडलात तो कागद पुढे धरा, आणि एका वेळी दोनच प्रश्न विचारा. "हे समजवा" म्हणू नका. "मी असं केलं, इथे अडलो" म्हणा. मग तो कप खाली ठेवतो, तुमच्याच पेनाने तुमच्याच कागदावर काट मारतो आणि बाजूला बरोबर लिहितो.

चहाचे पैसे तुम्ही द्यायचे.